सेडना: तीन छायाचित्रांवरून अंतर, कक्षा आणि आकार कसा काढतात?

दक्षिणक्षितिज

सेडना या नेपच्यूनपलीकडच्या गोलाच्या शोधाबद्दल वाचताना एका जागी गाडी अडली आहे. १४ नोव्हेंबर २००३ च्या रात्री पालोमार वेधशाळेतल्या १.२ मीटरच्या सॅम्युअल ऑशिन दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याची तीन छायाचित्रे घेतली. ३.१ तासांत एक ठिपका ताऱ्यांच्या मानाने ४.६ विकला (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला) सरकला. तेवढ्यावरून माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी ओळखले की हा गोल साधारण १०० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) आहे.

मला हे पटत नाही. सरकणे हळू दिसले म्हणजे वस्तू दूरच आहे कशावरून? जवळची पण मुळात संथ चालणारी का नसेल? आणि एक फेरा ११ हजार वर्षांहून मोठा असेल, तर काही महिन्यांच्या नोंदींवरून तो कसा काढतात? तिसरी शंका आकाराची. सुरुवातीला व्यास १८०० किमीपर्यंत असू शकतो असे म्हणत होते, आता १००० किमीच्या आसपास म्हणतात. एवढी तफावत कुठून आली?

शेवटचे, हौशी माणसाला घरच्या दुर्बिणीने यातले काय करून पाहता येईल?

---

वक्रीगती

पहिल्या शंकेचे उत्तर: तो ठिपका सरकला, त्यात त्याची स्वतःची चाल थोडी आहे. आपणच सरकलो आहोत.

पृथ्वी सेकंदाला २९.८ किमी वेगाने धावते. ९० एककांवर वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला ३.१ किमीच्या आसपास असतो. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्य आणि ती वस्तू आकाशात समोरासमोर असताना, पृथ्वी तिला मागे टाकून पुढे जाते आणि ती ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटी सरकताना दिसते. मंगळ वक्री होतो तोच हा प्रकार. धावत्या गाडीतून दूरचा डोंगर हळू मागे जातो आणि जवळचे झाड झपकन जाते. डोंगर चालत नाही, आणि झाडही नाही.

वस्तू सूर्याभोवती फिरते आहे हे एकदा धरले की तिला वाटेल तो वेग घेता येत नाही. अंतर ठरले की वेग जवळपास ठरतो. म्हणून "जवळची पण संथ" हा पर्याय प्रतियुतीपाशी उरतच नाही. वर्तुळाकार कक्षा धरून हिशेब असा बसतो:

तासाला विकला = १४८ ÷ (अंतर + अंतराचे वर्गमूळ), अंतर खगोलीय एककांत.

- २.७ एकक (मुख्य पट्ट्यातला लघुग्रह): ३४
- ३० एकक (नेपच्यून): ४.२
- ४० एकक: ३.२
- ९० एकक: १.५
- १३० एकक: १.०५
- ५०० एकक: ०.२८

आता ४.६ भागिले ३.१ करा. १.४८ येते. कोष्टकात ९० एककांच्या ओळीशी ताडून पाहा. हा आकडा पहिल्याच रात्री मिळतो, त्याला कक्षा माहीत असावी लागत नाही.

एक सापळा मात्र आहे. लघुग्रह वक्री व्हायच्या आधी आणि मार्गी व्हायच्या आधी काही दिवस जागच्या जागी थबकल्यासारखा दिसतो. त्या काळात २.७ एककांवरचा दगडसुद्धा तासाला एक-दीड विकला सरकतो आणि सेडनाचे सोंग घेतो. म्हणून असा शोध प्रतियुतीच्या बिंदूपासून १५-२० अंशांच्या आतच घ्यायचा. तरीही संशय राहिलाच तर आठवड्याभराने पुन्हा पाहायचे. लघुग्रह तोवर भलतीकडे गेलेला असतो.

---

शून्यकेल्विन

वरच्याला जोड. याच गतीने एक मोठा मासा जवळजवळ निसटला होता. ब्राउन यांच्या चमूच्या प्रणालीत तासाला १.५ विकलांपेक्षा हळू सरकणारे सगळे ठिपके आपोआप गाळले जायचे. कारण साधे होते: जितके हळू सरकणारे ठिपके स्वीकाराल तितका कचरा वाढतो. खराब पिक्सेल, तेजस्वी ताऱ्यांची परावर्तने, दोन ताऱ्यांचे एकमेकांत मिसळलेले ठिपके, हे सगळे "थोडेसे सरकल्यासारखे" दिसतात. सेडना या मर्यादेच्या अगदी काठावर सापडली. तेव्हा त्यांनी मर्यादा खाली आणून जुनी छायाचित्रे पुन्हा चाळली, आणि २१ ऑक्टोबर २००३ च्या छायाचित्रांत एरिस (प्लूटोसारखा एक बटुग्रह) सापडली. तारीख होती ५ जानेवारी २००५. एरिस तेव्हा ९७ एककांवर होती. वरचे सूत्र लावा: तासाला १.३९ विकला. गाळणीच्या किंचित खाली.

गाळणी कुठे लावायची हा शोधातला खरा निर्णय असतो. दुर्बीण मोठी असून भागत नाही.

---

लंबवर्तुळ

कक्षेबद्दल.

कोणतीही कक्षा पूर्ण सांगायला सहा संख्या लागतात. एका रात्रीत चारच मिळतात: आकाशातली जागा दर्शवणाऱ्या दोन आणि सरकण्याचा वेग व दिशा सांगणाऱ्या दोन. उरलेल्या दोन म्हणजे अंतर आणि आपल्या नजरेच्या रेषेतला वेग, म्हणजे वस्तू सूर्याकडे येते आहे की दूर जाते आहे. अंतर वर सांगितले तसे गृहीतक धरून काढता येते, पण त्या दुसऱ्या वेगाचा पहिल्या रात्री काहीच पत्ता नसतो. आणि कक्षा वर्तुळाकार आहे की लांबोडकी, हे त्याच्यावरच अडून राहते. सुरुवातीच्या बातम्यांत "इतक्या वर्षांचा फेरा" असे लिहिलेले दिसले तर त्यामागे किती दिवसांची नोंद आहे हे आधी पाहावे.

काही महिने नोंदी घेतल्या की पृथ्वीची दिशा बदलते आणि ठिपक्याची वाट वाकते. त्या वळणावरून अंतर गृहीतकाशिवाय ठरते. ९० एककांवरच्या वस्तूचे पराशयामुळे (पृथ्वी जागा बदलते म्हणून वस्तूही सरकल्यासारखी दिसते, त्यामुळे) होणारे डोलणे वर्षभरात दोन्ही बाजूंना ३८ कला, म्हणजे एकूण सव्वा अंशाहून थोडे जास्त असते. स्वतःची चाल त्यापुढे लहान, म्हणून ती वेगळी काढायला एक सोपी युक्ती आहे: बरोबर एका वर्षाने त्याच तारखेला पुन्हा जागा मोजा. पृथ्वी त्याच ठिकाणी आलेली असते, पराशय वजा होतो, उरते ती वस्तूची स्वतःची चाल. ९० एककांवर वर्तुळाकार कक्षा असती तर ही चाल वर्षाला सुमारे २५ कला आली असती. सेडनाच्या कक्षेचे आकडे घालून पाहिले तर ३१-३२ कला येते. म्हणजे त्या अंतराला शोभेल त्यापेक्षा ती वेगात आहे, अर्थातच उपसूर्य बिंदूच्या (कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागेच्या) आसपास आहे.

पण कोणी वर्ष-वर्ष थांबत नाही. जुनी छायाचित्रे उकरतात. तीन महिन्यांच्या नोंदींवरून मागच्या वर्षीची जागा काही विकलांच्या किंवा कलांच्या अनिश्चिततेने सांगता येते. त्या जागेचे कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेले छायाचित्र काढायचे आणि अपेक्षित तेजस्वितेचा ठिपका शोधायचा. सापडला की नोंदींचा कालखंड वर्षाचा होतो, मग त्याआधीच्या वर्षांची जागा अधिक नेमकी सांगता येते, आणि असे पायरी-पायरीने मागे जायचे. सेडना या रीतीने १९९० च्या छायाचित्रापर्यंत मागे सापडली. १५ मार्च २००४ ला शोध जाहीर झाला तेव्हा कक्षेचा ढाचा म्हणूनच पक्का होता.

आजचे आकडे: उपसूर्य ७६ एकक, अपसूर्य (सर्वांत दूरची जागा) ९०० हून जास्त, विमध्यता (कक्षेचा लांबोडकेपणा, वर्तुळाची शून्य) ०.८५ च्या आसपास, फेरा सुमारे ११,४०० वर्षांचा. उपसूर्य बिंदू २०७६ साली. आत्ता ती ८३-८४ एककांवर आहे.

फेऱ्याच्या वर्षांचा आकडा पुस्तकागणिक बदलतो, त्याने गोंधळून जाऊ नका. सूर्याला केंद्र मानले की एक येतो आणि सगळ्या सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला मानले की दुसरा. एवढ्या लांब कक्षेसाठी दुसराच खरा धरायचा, कारण गुरू सूर्याला हलवत असतो आणि त्या हालचालीने पहिला आकडा वर्षागणिक डुलतो.

उलटे उदाहरण २०१८ एजी३७ चे. जानेवारी २०१८ मध्ये सुबारू दुर्बिणीच्या छायाचित्रांत दिसली, पहिला अंदाज १४० एकक. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये १३२ एकक असे जाहीर झाले. एवढ्या दूर दिसूनही तिचा उपसूर्य बिंदू नेपच्यूनच्या कक्षेच्या आत आहे, म्हणजे नेपच्यूननेच तिला तिकडे भिरकावले असे सांगता येते. सेडनाला ते लागू होत नाही. ७६ एककांच्या आत ती कधी येतच नाही, नेपच्यूनचा हात तिथवर पोचत नाही. अंतरापेक्षा उपसूर्य बिंदू महत्त्वाचा तो यासाठी. तसले गोल आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत: २०१२ व्हीपी११३ (उपसूर्य ८० एकक), लेलेआकुहोनुआ (६५ एकक), आणि २०२५ मध्ये जाहीर झालेला २०२३ केक्यू१४ (६६ एकक).

---

दक्षिणक्षितिज

वर्षाने त्याच तारखेला मोजायची युक्ती झकास. आता एक उपप्रश्न: असे गोल इतके कमी का? मुळातच कमी आहेत की दिसत नाहीत?

---

शून्यकेल्विन

दिसत नाहीत. सूर्याचा प्रकाश तिथे पोचेपर्यंत अंतराच्या वर्गाने क्षीण होतो आणि परत येताना पुन्हा वर्गाने. म्हणून परावर्तित तेज अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर दुप्पट, तेज सोळावा भाग, म्हणजे ३ प्रतींचा फरक (प्रत हे तेजस्वितेचे माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक). सेडना ९० एककांवर साधारण २१ व्या प्रतीची होती. तीच ९०० एककांवर नेली तर तेज दहा हजारावा भाग, म्हणजे १० प्रती कमी: ३१ वी प्रत. आजची कोणतीही सर्वेक्षण-दुर्बीण तिथपर्यंत पोचत नाही.

कागद-पेन्सिलीने करून पाहा. साडेएकविसाव्या प्रतीपर्यंत पाहणारे सर्वेक्षण धरले तर सेडना सुमारे १०१ एककांच्या आत असतानाच त्यात सापडणार. ११,४०० वर्षांपैकी तिथे ती जेमतेम २०० वर्षे काढते, दोन टक्क्यांहूनही कमी. एक सापडली याचा अर्थ तिच्यासारख्या पन्नासएक आत्ता अपसूर्याकडे अंधारात असाव्यात. एका नमुन्यावरचे गणित आहे, मिठाची चिमूट सोबत ठेवा, पण दिशा बरोबर आहे.

व्यासाची तफावतही इथूनच सुटते. तेजावरून थेट व्यास कळत नाही. लहान पांढरा गोल आणि मोठा काळा गोल सारखाच प्रकाश परत पाठवू शकतात. सूत्र असे:

व्यास (किमी) = १३२९ ÷ (परावर्तनक्षमतेचे वर्गमूळ) × १० चा (उणे निरपेक्ष प्रत ÷ ५) वा घात

सेडनाची निरपेक्ष प्रत (सूर्य आणि पृथ्वी दोन्हींपासून एकेक एककावर धरली तर दिसेल ती प्रत) १.८ च्या जवळ आहे. परावर्तनक्षमता ०.०८ घेतली तर व्यास २००० किमीच्या वर जातो. ०.३२ घेतली तर १००० किमी. परावर्तनक्षमता चौपट, व्यास निम्मा. २००४ मध्ये परावर्तनक्षमता ठाऊकच नव्हती.

ती ठरवायला उष्णता मोजावी लागते. काळा गोल जास्त तापतो आणि अवरक्त प्रकाश जास्त सोडतो. सेडनाचे तापमान ३० केल्विनच्या आसपास, त्यामुळे तिचे उत्सर्जन १०० मायक्रॉनच्या आगेमागे सर्वांत जास्त असते. हे वातावरणातून खाली येत नाही, अवकाशातूनच मोजावे लागते. स्पिट्झर दुर्बिणीला काहीच दिसले नाही, त्यावरून फक्त "याहून मोठी नाही" एवढी मर्यादा आली. १८०० चा आकडा अशी वरची मर्यादा होती, मोजमाप नव्हते. बातम्यांनी ती मापच समजली. पुढे २०१२ मध्ये हर्शेल दुर्बिणीच्या मोजणीतून सुमारे १००० किमी आणि ०.३२ हे आकडे आले.

याहून पक्के माप पिधानातून मिळते: गोल एखाद्या ताऱ्यासमोरून जातो आणि तारा काही सेकंद विझतो. एरिसच्या बाबतीत नोव्हेंबर २०१० मध्ये ते साधले आणि व्यास २३२६ किमी ठरला. सेडनाला ते अवघड. आकाशात तिची चकती ०.०१७ विकलांची आहे, सावली हजार किमी रुंदीची आणि सेकंदाला पंचवीसएक किमी वेगाने पळणारी. ठीक मधून गेली तर तारा ४० सेकंद झाकला जाईल. पण सावली कुठून जाणार हे सांगायला ताऱ्याची आणि सेडनाची जागा दोन्ही शंभरावा भाग विकलेइतक्या अचूक हव्यात.

वस्तुमान? चंद्र सापडल्याशिवाय नाही. एरिसला डिस्नोमिया आहे म्हणून ती प्लूटोपेक्षा २७ टक्के जड आहे हे कळले. सेडनाचा चंद्र हबललाही दिसला नाही.

---

गच्चीवरची_दुर्बीण

करून काय पाहता येईल, यावर. थेट सेडनाच्या मागे लागू नका. क्रम असा ठेवा: प्लूटो, मग माकेमाके (आणखी एक बटुग्रह), मग एरिस.

प्लूटो १४.४ प्रतीचा, ८ इंची दुर्बीण आणि कॅमेऱ्याला सहज येतो. प्रतियुतीला दिवसाला दीड कलेच्या आसपास सरकतो. क्लाइड टॉम्बॉने २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या काचांवर जे केले तेच दोन रात्रींत करायचे: एकच भाग, दोन छायाचित्रे, आलटून-पालटून पाहणे. माकेमाके १७ व्या प्रतीचा, मार्च-एप्रिलमध्ये अरुंधती केशात, तासाला २.५ विकला. एरिस १८.७ प्रतीची, तिला १२ इंची दुर्बीण आणि खरा काळोख हवा.

कॅमेरा आणि दुर्बीण जुळतात का ते आधी पाहा. एका पिक्सेलमागे विकला = २०६ × पिक्सेल (मायक्रॉन) ÷ नाभीय अंतर (मिमी). ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मिमी म्हणजे ०.७८. हे ठीक आहे. १.५ च्या वर गेलात तर तीन तासांत ४.६ विकलांचे सरकणे तीन पिक्सेलमध्ये मावते, आणि तारे हवेने अडीच-तीन विकला फुगलेले असतात. नवखा तिथेच फसतो.

एका रात्रीत निदान तीन वेळा छायाचित्रे घ्या, मध्ये तास-दीड तास. दोन पुरत नाहीत: दोन जागांना जोडणारी रेषा कुठल्याही दोन चुकीच्या ठिपक्यांतूनही निघते. तिसरा ठिपका त्याच रेषेवर आणि त्याच वेगाने आला पाहिजे. दर वेळी ६० सेकंदांची ३०-४० छायाचित्रे. एका मिनिटात माकेमाके ०.०४ विकला हलतो, काही बिघडत नाही. पण दोन-तीन तासांची छायाचित्रे ताऱ्यांवर जुळवून एकत्र केलीत तर तो पुसट रेघ बनतो आणि हरवतो. म्हणून एका गठ्ठ्यात ४० मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका. सेडनासारख्या २१ व्या प्रतीजवळच्या वस्तूला चार-पाच तास लागतात, तिथे गठ्ठा वस्तूच्या गतीनुसार सरकवून रचावा लागतो. टायको ट्रॅकर हे सॉफ्टवेअर हे काम करते. मग तारे रेघा होतात आणि वस्तू ठिपका राहते. दुर्बीण १४ ते १६ इंची हवी.

डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची) ही दुरुस्तीची छायाचित्रे वगळू नका, आणि दर छायाचित्रागणिक दुर्बीण मुद्दाम दहा-वीस पिक्सेल इकडेतिकडे सरकवा. न सरकवता ट्रॅकिंग किंचित वाहत गेले, तर तापलेला पिक्सेल ताऱ्यांच्या मानाने हळूहळू सरकत जातो आणि हुबेहूब दूरच्या गोलासारखा दिसतो. सर्वांत जास्त फसवे "शोध" याच एका कारणाने लागतात. सरकवल्यावर तो पिक्सेल विखुरतो आणि सरासरीत निघून जातो.

जागा मोजायला ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर आणि गाया तारकासूची. मोजलेली जागा होरायझन्स या नासाच्या ऑनलाइन सेवेच्या गणिताशी ताडून पाहा, एका विकलेच्या आत जुळली पाहिजे. नवे काही वाटले तर आधी मायनर प्लॅनेट सेंटरच्या (लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत त्या जागी कोणी ज्ञात आहे का तपासा. बहुतेक वेळा असतोच.

---

दक्षिणक्षितिज

घड्याळ किती अचूक हवे? जीपीएस लावावे का?

---

गच्चीवरची_दुर्बीण

यासाठी गरज नाही. तासाला १.५ विकला म्हणजे पूर्ण एक मिनिटाची चूक झाली तरी जागा ०.०२५ विकलेने बिघडते, मोजमापातल्या इतर चुकांपेक्षा कितीतरी कमी. जीपीएस लागते ते पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांना. इथे होणारी चूक वेगळी: नोंदीत स्थानिक वेळ टाकणे. साडेपाच तासांचा फरक पडला की सव्वाआठ विकला गेल्या. जागतिक वेळ लिहा, आणि छायाचित्राच्या सुरुवातीची नाही, मध्यावरची.

---

वक्रीगती

नववा ग्रहही याच रीतीने सापडेल का, असे पुढे कुणी विचारणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. बॅटिगिन आणि ब्राउन यांनी २०१६ मध्ये मांडलेला, अजून न सापडलेला तो ग्रह ५०० एककांवर धरला तर तासाला ०.२८ विकला. तीन तासांत ०.८५, म्हणजे हवेच्या थरथरीत बुडून गेले. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या जोडीत ०.१४. वेरा रुबिन वेधशाळेची ८.४ मीटर दुर्बीण साधारण अशाच जोड्या घेते, तिथे तो सरळ तारा म्हणून गणला जाईल. एका रात्रीतल्या सरकण्यावर मदार ठेवून भागणार नाही. रात्रींची तुलना करावी लागेल: "काल इथे होता, आज नाही, शेजारी पावणेसात विकलांवर नवा आला" अशी. मग प्रत्येक रूपविकारी तारा, जो एका रात्री दिसतो आणि दुसऱ्या रात्री मर्यादेखाली जातो, तो उमेदवार ठरतो. २०२५ मध्ये जाहीर झालेली २०१७ ओएफ२०१ अशीच जुन्या साठ्यातून, सात वर्षांत विखुरलेल्या १९ छायाचित्रांतून जुळवून काढली. त्यासाठी नवी दुर्बीण एकही रात्र वापरलेली नाही.